बेटावरचीं कुलुपें

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असें आमच्या धर्मशास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. आणि भिंती-छप्पर म्हणजे घर नव्हे, गृहिणी हेंच खरें घर, असें एका सुभाषितकारानें म्हटलें आहे. हें सुभाषित आम्हीं शाळेंत तीस वर्षें शिकविलें. त्याचा अन्वय सांगितला, समास सोडविले, तात्पर्य लिहून घेतलें. पण ‘गुरुजी, भिंती आणि छप्परच मिळालें नाहीं तर गृहिणीनें यावें कोठें?’ असा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें विचारिला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तो कधीं सुचला नाहीं. तो सुचविला आमच्या पुतणीनें.

ही पुतणी स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीस ती घरीं आली असतां फराळाच्या वेळीं सहज गोष्टी निघाल्या. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यालगत जीं अनेक लहान-मोठीं बेटें आहेत, त्यांपैकीं एकावरील दवाखान्यांत काम करावें अशी तिची फार इच्छा होती. जागा रिकामी होती, तिची निवडही झाली होती. तरी ती गेली नाहीं. आम्हीं कारण विचारिलें.

“काका, नोकरी होती, पगार चांगला होता, पण राहायला घर मिळेना.”

“अगं, बेटावर घरं नाहीत म्हणजे? मग तिथले लोक राहतात कुठे?”

“घरं आहेत हो काका. पण त्यातल्या पुष्कळांना वर्षातले दहा महिने कुलुपं असतात.”

करंज्यांचें ताट पुढें सरकवीत तिची काकू म्हणाली, “म्हणजे आपल्या कोंकणासारखंच की गं!”

ह्या एका वाक्यानें आमच्या मनांत जें काहूर उठलें, त्याचें कारण लेखाच्या शेवटीं सांगूं. दिवाळीनंतर आम्हीं ह्या विषयावरचें जें जें वाचावयास मिळालें तें वाचून काढिलें. प्रथम त्या बेटांची हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

माणसें गेलीं, घरें राहिलीं

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाचा द्वीपसमूह आहे व उत्तरेस ऑर्कनी आणि शेटलंड हे दोन समूह आहेत. 2011 सालच्या शिरगणतीप्रमाणें स्कॉटलंडच्या 93 बेटांवर मनुष्यवस्ती होती आणि त्या सर्वांची मिळून लोकसंख्या एक लक्ष तीन हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराइतकीं माणसें त्र्याण्णव बेटांवर विखुरलेलीं! त्यांतही कांहीं मोठीं बेटें वगळलीं तर बाकीच्यांवर कोठें शंभर, कोठें चाळीस, कोठें पांच-दहा अशीच वस्ती.

पूर्वीं ही स्थिति नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील जमीनदारांनीं मेंढ्यांच्या लोकरीस चांगला भाव येतो असें पाहून कुळांस पिढीजात जमिनींवरून उठविलें. रम नांवाच्या बेटावरील सुमारें तीनशें माणसें 1826 सालीं जहाजांत भरून कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं धाडण्यांत आलीं आणि त्यांच्या जागीं मेंढ्या आल्या. उल्वा बेटावर सुमारें सहाशें वस्ती होती. 1846 पासूनच्या थोड्याच वर्षांत तीपैकीं बहुतेक हुसकली गेली.

ह्या उल्वा बेटाचा आपल्या मुंबईशीं एक जुना ऋणानुबंध आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्सचा प्रसिद्ध गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी हा मूळचा ह्या बेटाचा. गव्हर्नर होण्यापूर्वीं, 1788 सालीं, तो पलटणीबरोबर मुंबईस आला. 1793 सालीं मुंबईसच त्यानें जेन जार्विस नांवाच्या तरुणीशीं विवाह केला. ती तीनच वर्षांनीं क्षयानें वारली. तिच्या स्मरणार्थ मॅक्वारीनें उल्वाशेजारच्या मल बेटावरील आपल्या जमिनीस ‘जार्विसफील्ड’ असें नांव दिलें. दूर देशीं पैसा मिळवावा आणि गांवाकडे जमीन घ्यावी, ही वृत्ति कांहीं आपल्या कोंकणांतच नाहीं!

जमीनदारांच्या जुलमास पायबंद बसला तो 1886 सालच्या कायद्यानें. ह्या कायद्यानें लहान कुळांस वाजवी खंड आणि जमिनीवरून न उठविलें जाण्याचा हक्क मिळाला. परंतु तोंवर अनेक बेटें ओस पडलीं होतीं, आणि जीं वांचलीं त्यांवरील तरुण पिढी पुढेंही कारखान्यांकडे, आरमाराकडे, परदेशाकडे ओढली जातच राहिली.

ह्या ओढीचा शेवट कसा होतो, हें सेंट किल्डा बेटाच्या इतिहासावरून दिसतें. अटलांटिक महासागरांत एकाकी पडलेल्या ह्या बेटावर 1860 नंतरच्या दशकांत सोळा नवीं दगडी घरें एका ओळींत बांधण्यांत आलीं होतीं. घरांची वाण नव्हती. पण माणसें कमी होत गेलीं. होडी वल्हवावयास व कड्यांवरून समुद्रपक्षी धरावयास तरुण हात उरले नाहींत. शेवटीं रहिवाशांनीं स्वतःच सरकारास अर्ज केला कीं, आम्हांस येथून न्या. 29 ऑगस्ट 1930 रोजीं उरलेलीं 36 माणसें बेट सोडून गेलीं. निघण्यापूर्वीं प्रत्येक घरांत बायबल उघडें ठेवून त्याशेजारीं मूठभर ओट धान्य ठेविलें होतें, असें सांगतात. ज्या घरीं पुन्हां कोणी येणार नाहीं, त्या घराचा असा निरोप घेणाऱ्यांचें मन कसें असेल, हें देव्हाऱ्यांतील देव मुंबईस हलवून वडिलोपार्जित घरास कडी घातलेल्या वाचकांस सांगावयास नको.

माणसें आहेत, घरें नाहींत

सेंट किल्डा ओस पडलें तेव्हां जाणत्या लोकांनीं असें अनुमान बांधिलें कीं, लहान बेटांचे दिवस भरले. हळूहळू सर्वांचीच ही गत होणार. तें अनुमान आज जसेंच्या तसें खरें ठरलेलें नाहीं. आगबोटी चांगल्या झाल्या, वीज आली, आणि इंटरनेटच्या योगानें बेटावर बसून शहरांतील कचेरीचें काम करतां येऊं लागलें. शहरी जीवनास कंटाळलेलीं तरुण कुटुंबें बेटावर राहावयास तयार आहेत. बेटावर जन्मलेलीं मुलेंही शिक्षण संपवून परत येऊं इच्छितात. उणीव आहे ती घरांची.

ह्याचा पुरावा रम बेटानेंच दिला. त्याच बेटावर, जेथून 1826 सालीं तीनशें माणसें हांकलिलीं गेलीं, 2020 सालीं सुमारें तीस-चाळीस माणसांची वस्ती होती व शाळेंत अगदीं मोजकीं मुलें होतीं. तेथील रहिवाशांच्या संस्थेनें भाड्यानें देण्यासाठीं चार नवीं घरें बांधविलीं आणि कुटुंबांकडून अर्ज मागविले. चार घरांसाठीं चारशेंहून अधिक अर्ज आले!

दुसरा पुरावा सरकारच्या अनुभवाचा. स्कॉटलंडच्या सरकारनें 2021 सालीं अशी योजना मांडली कीं, बेटावर राहूं इच्छिणाऱ्या किंवा तेथें वस्तीस येणाऱ्या शंभरपर्यंत कुटुंबांस पन्नास हजार पौंडांपर्यंत रक्कम द्यावी. वृत्तपत्रांत तिचा मोठा गाजावाजा झाला. पण बेटवासीयांचें मत विचारतां पुष्कळांनीं सांगितलें कीं, रोख रकमेनें आमचा प्रश्न सुटणार नाहीं. घरें द्या, बोटी वेळेवर सोडा. 2022 सालीं ती योजना सोडून देण्यांत आली.

मग घरें गेलीं कोठें? ह्यास एक कारण नाहीं, अनेक आहेत. आणि त्यांत कोणी एक खलपुरुष शोधूं जाणारा फसेल.

पहिलें कारण वारसांचें. म्हातारा-म्हातारी वारलीं कीं घर मुलांकडे येतें. मुलें ग्लासगोस किंवा लंडनास. चार भावंडांत वांटणी करावयाची तर घर विकणें सोयीचें. विकावयाचें तर अधिक किंमत देईल त्यास. अधिक किंमत देतो तो शहरांतील सधन मनुष्य, ज्यास उन्हाळ्यांतील तीन-चार आठवडे समुद्रकांठीं घालवावयाचे असतात. बेटावरील मच्छीमार, शिक्षक किंवा बोटीवरचा खलाशी त्याच्याशीं बरोबरी कशी करणार? शिवाय कुळांस कसतात ती जमीन विकत घेण्याचा हक्क 1976 सालच्या कायद्यानें मिळाल्यापासून कुळवहिवाटीच्या जमिनींतील घरेंही हळूहळू ह्या बाजारांत उतरलीं.

दुसरें कारण पाहुण्यांचें. गेल्या पंधरा-वीस वर्षांत घर चार-आठ दिवसांसाठीं भाड्यानें देण्याचा धंदा इंटरनेटवरून फार सोपा झाला. वर्षभर कुटुंब ठेवून जें भाडें मिळेल, त्याहून अधिक उन्हाळ्याच्या हंगामांतच मिळतें. बोटींचें भाडें बेटवासीयांच्या सोयीसाठीं उतरविण्यांत आलें, त्याबरोबर पाहुणेही वाढले. जो उपाय बेटवासीयांसाठीं योजला, त्यानेंच त्यांच्या घरांचें भाडें वाढविलें.

तिसरें कारण सरकारी घरांचें. नगरपालिकांनीं व जिल्हा-मंडळांनीं बांधलेलीं भाड्याचीं घरें भाडेकरूंसच स्वस्तांत विकण्याचा हक्क 1980 सालीं देण्यांत आला. ज्यांनीं तीं घेतलीं त्यांचें कल्याण झालें, हें नाकारतां येत नाहीं. पण पहिल्या मालकानें दुसऱ्यास विकलें, दुसऱ्यानें तिसऱ्यास, आणि गरजूंसाठीं बांधलेलीं घरें कायमचीं बाजारांत गेलीं. स्कॉटलंडांत हा हक्क 2016 सालीं रद्द झाला. परंतु गेलेलीं घरें परत आलीं नाहींत.

चौथें कारण बांधकामाच्या खर्चाचें. विटा, लांकूड, कांचा, सिमेंट, सर्व बोटीनें आणावयाचें. गवंडी-सुतारही बाहेरून; आणि त्यांना राहावयास घर नाहीं! वाऱ्या-वादळानें बोट आली नाहीं तर काम बंद. दोन-चार घरांच्या कामासाठीं मोठा कंत्राटदार येत नाहीं.

येथें आमच्यांतील जुना गणिताचा शिक्षक जागा होतो. मुंबईंत चार घरांना कुलुपें लागलीं तर त्या शहरास त्याची दादही लागणार नाहीं. पण समजा, एका बेटावर चाळीस घरें आणि शंभर माणसें आहेत. चार घरें उन्हाळी पाहुण्यांकडे गेलीं म्हणजे दशांश वस्तीचें स्थान गेलें. तीं तरुण कुटुंबांचीं घरें असतील तर त्यांबरोबर पांच-सहा मुलें गेलीं. शाळेंत आठ मुलें होतीं, तेथें तीन उरलीं. शाळा बंद झाली कीं ज्या कुटुंबांस मुलें आहेत तींही उठलीं. गिऱ्हाईक कमी म्हणून दुकान मिटलें; उतारू कमी म्हणून बोटीच्या फेऱ्या घटल्या. चार कुलुपांनीं सुरू झालेली वजाबाकी शून्यापाशीं येऊन थांबते. उन्हाळ्यांत येणाऱ्या त्या सज्जन गृहस्थाच्या मनांत कोणाचें वाईट करावयाचें नसतें. तो बेटावर प्रेम करितो म्हणूनच येतो. परंतु जानेवारीच्या रात्रीं शेजारच्या म्हातारीस धाप लागली तर तिची हांक ऐकण्यास त्याच्या घरीं कोणी नसतें.

आणखी एक हानि आंकड्यांत दिसत नाहीं. हेब्रिडीजची मूळ भाषा गेलिक. ती आधींच क्षीण झाली आहे. भाषा कोशांत टिकत नाहीं. ती चुलीपाशीं आणि शेजारघरीं टिकते. शेजारचें घर वर्षभर बंद असेल तर मुलानें ती बोलावी कोणाशीं? म्हणून गेलिकचे कैवारी शाळा व पुस्तकें ह्यांजबरोबर घरांचाही प्रश्न पुढें मांडितात, आणि तें आम्हांस सर्वथैव रास्त वाटतें.

जमीन कोणाची?

घरें बांधावयाचीं तर जमीन हवी. आणि ह्या बेटांची मोठी अडचण अशी कीं, कित्येक ठिकाणीं संपूर्ण बेटच एका मनुष्याच्या मालकीचें. एग नांवाच्या बेटावर असेंच होतें. मालक बदलत, कुळांस लेखी व दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे मिळत नसत. पट्टा नाहीं म्हणून दुरुस्तीस अनुदान नाहीं, आणि दुरुस्ती नाहीं म्हणून घरें गळकीं. शेवटीं रहिवाशांनीं वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. देशोदेशींच्या लोकांनीं पैसे धाडले. एका अनामिक स्त्रीनें फार मोठी रक्कम दिली. आणि 12 जून 1997 रोजीं पंधरा लक्ष पौंडांस तें बेट रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेच्या हातीं आलें. तेव्हां तेथें सुमारें 65 माणसें होतीं; आज शंभरांवर आहेत. 2008 सालापासून पाणी, वारा व सूर्य ह्यांपासून बेट स्वतःची वीज करितें. ती सर्वांस पुरावी म्हणून एका घरानें एका वेळीं पांच किलोवॅटहून अधिक वीज ओढावयाची नाहीं, असा निर्बंध रहिवाशांनीं स्वतःवर घालून घेतला आहे.

गीगा बेटाची कथा आमच्या वाचकांस अधिक जवळची वाटेल. परीक्षेच्या दिवसांत मुलांस दुधांतून हॉर्लिक्स देणारी आई आमच्या मध्यमवर्गांत घरोघर सांपडेल. त्या हॉर्लिक्स घराण्यांतील सर जेम्स हॉर्लिक ह्यांनीं 1944 सालीं हें बेट विकत घेतलें व तेथें देशोदेशींच्या पुष्पवृक्षांचें एक नामांकित उद्यान केलें. त्यांच्यामागें बेटाचे मालक बदलत गेले. 2001 सालीं तें पुन्हां विक्रीस निघालें, तेव्हां रहिवाशांनींच तें घ्यावें अशी सूचना पुढें आली. आरंभीं पुष्कळजण ह्या कल्पनेनें भ्याले. मालक कसाही असो, तो आहे म्हणजे जबाबदारी त्याची. स्वतः मालक व्हावयाचें म्हणजे कर्ज आपलें, चूक आपली, भांडण आपलें! परंतु विचारविनिमयानें धीर आला आणि 15 मार्च 2002 रोजीं सुमारें चाळीस लक्ष पौंडांस बेट त्यांचें झालें. त्यांपैकीं दहा लक्ष दोन वर्षांत फेडावयाचे होते. ते फेडण्यासाठीं त्यांनीं मालकाचा जुना वाडा विकला.

त्या वेळीं बेटाची लोकसंख्या 98 होती. संस्थेकडे 42 घरें आलीं. त्यांतील सुमारें तीन-चतुर्थांश राहण्यास योग्य अशा किमान दर्जाच्याही खालीं होतीं. एवढें रम्य उद्यान असलेल्या बेटावर माणसांच्या घरांचे वासे कुजलेले! संस्थेनें घरांची दुरुस्ती आरंभिली, नव्या घरांस जमीन दिली, आणि तीन जुन्या पवनचक्क्या विकत आणून त्यांच्या विजेचें उत्पन्न ह्या कामीं लाविलें. त्या चक्क्यांस लोकांनीं गेलिक भाषेंत श्रद्धा, आशा व औदार्य ह्या अर्थाचीं नांवें दिलीं. 2011 च्या शिरगणतींत लोकसंख्या 163 भरली. सर्व गोडच झालें असें मात्र नाहीं. दुरुस्तीपायीं संस्थेस मोठें कर्ज झालें आणि त्यावरून मतभेदही झाले. तथापि ज्या बेटावर शाळा मिटण्याची भीति होती, तेथें पाळणे हलले, ही गोष्ट लहान नव्हे.

उल्वा बेटही 2018 सालीं सार्वजनिक निधीच्या साहाय्यानें शेजारील लोकांच्या संस्थेनें घेतलें. मॅक्वारीच्या त्या जन्मभूमींत तेव्हां अवघीं पांच-सहा माणसें उरलीं होतीं. घरें दुरुस्त करून नवीं कुटुंबें आणण्याचें काम तेथें चालू झालें आहे.

विकणाऱ्याचा हक्क आणि गांवाचा हक्क

एवढ्यावर भागत नाहीं. नवीं घरें बांधून विकलीं आणि दहा वर्षांनीं तींही उन्हाळी झालीं, तर चाळणींत पाणी ओतल्यासारखें होईल. ह्यावर स्कॉटलंडच्या 2003 सालच्या एका कायद्यानें मोठी युक्तीची तरतूद केली. ग्रामीण गृहनिर्माण संस्था एखादें घर किंवा जागा बाजारभावाहून कमी दरानें स्थानिक कुटुंबास देते, तेव्हां दस्तऐवजांत अशी अट घालते कीं, पुढें विकावयाचें झाल्यास प्रथम आम्हांस विचारावें. आणि ज्या प्रमाणांत तुम्हांस सवलत मिळाली, त्याच प्रमाणांत ती आम्हांस मिळावी. मालकास त्याची वाजवी किंमत मिळते आणि घर गांवाच्या हातचें जात नाहीं. ह्याशिवाय 2022 च्या नियमांनीं पाहुण्यांस अल्पकाळ घर देणाऱ्यास परवाना आवश्यक झाला. आणि एप्रिल 2024 पासून दुसऱ्या घरांवर दुप्पट घरपट्टी बसविण्याचा अधिकार स्थानिक मंडळांस मिळाला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, माझें घर मीं कोणास विकावें, ह्यांत गांवाचा काय संबंध? हा आक्षेप सामान्य नाहीं. पाहुणे बंद केले तर बेटावरील खानावळी, होड्या, हस्तव्यवसाय बसतील, हाही आक्षेप खरा आहे. पुष्कळ बेटवासीयांची चूल पाहुण्यांवरच पेटते. म्हणून कुलुपें मुळींच नकोत असें कोणी समंजस मनुष्य म्हणत नाहीं. तीं किती असावीं, एवढाच वाद आहे.

पहिल्या आक्षेपास उत्तर आमच्याच शास्त्रांत सांपडतें. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेंत विज्ञानेश्वरानें एक जुनें वचन घेतलें आहे, त्याचा भावार्थ असा कीं, भूमि एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती सहा गोष्टींनीं: गांवाची संमति, ज्ञातींची, शेजाऱ्यांची आणि दायादांची संमति, व त्यांबरोबर सुवर्णदान आणि उदक. विज्ञानेश्वरानें लगेच खुलासा केला आहे कीं, गांवाची संमति ही व्यवहारास प्रसिद्धि मिळावी म्हणून, आणि शेजाऱ्याची ही सीमेचा तंटा होऊं नये म्हणून. संमतीवांचून विक्रीच होत नाहीं असा अर्थ नाहीं. म्हणजे मालकाचा हक्क त्यानें राखिला आहे. परंतु जमीन देतां-घेतांना गांवास व शेजाऱ्यास हांक मारावी, ही जाणीव त्या वचनांत आहे. नऊशें वर्षांपूर्वींच्या आमच्या निबंधकारानें आणि आजच्या स्कॉटलंडच्या कायदेकारांनीं निरनिराळ्या वाटांनीं एकाच प्रश्नास हात घातला आहे. घर मालकाचें खरें. पण घराचा कांहीं अंश गांवाचा असतो. मोठ्या शहरांत तो अंश डोळ्यांस दिसत नाहीं, लहान बेटावर दिसतो, एवढाच भेद.

ह्या बेटांचें भवितव्य काय, असें कोणी विचारील तर आम्ही म्हणूं कीं, तें समुद्राच्या किंवा वाऱ्याच्या हातीं तितकें नाहीं, जितकें पांच-दहा घरांच्या किल्ल्यांच्या हातीं आहे. एगनें व गीगानें वजाबाकीची बेरीज करून दाखविली. जेथें जमीन रहिवाशांच्या हातीं आली नाहीं किंवा आलेलीं घरें राखतां आलीं नाहींत, तेथें बेट निर्जन होणार नाहीं कदाचित्. जुलै महिन्यांत तें गजबजलेलेंही दिसेल. पण जेथें हिवाळ्यांत दिवा लागत नाहीं आणि शाळेची घंटा होत नाहीं, त्यास गांव म्हणावें कसें?

आमचें कुलूप

आतां लेखाच्या आरंभीं राखून ठेविलेली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. आम्ही सहा चुलत-सख्खे बंधु त्याचे वांटेकरी. गणेशचतुर्थीस पांच दिवस घर उघडतें. उरलेलें वर्ष कुलूप. तीन वर्षांपूर्वीं गांवच्या प्राथमिक शाळेंत एक तरुण शिक्षक बदलून आले. गणपतींत ते आमच्या ओटीवर येऊन अदबीनें म्हणाले, “सर, मागच्या दोन खोल्या मिळाल्या तर बिऱ्हाड आणीन. रोज तालुक्याहून एस. टी. नं येतो, पावसात गाडी चुकली की शाळा उशिरा उघडते.” आम्ही स्वतः शिक्षक, तरी आम्हीं उत्तर दिलें, “बंधूंशी बोलून कळवतो.” मनांत होतें तें निराळेंच: भाडेकरू एकदां शिरला कीं निघत नाहीं. आम्हीं बंधूंशीं बोललों नाहीं आणि त्या गृहस्थांस कळविलेंही नाहीं.

स्कॉटलंडांतील कुलूप आणि आमचें कुलूप ह्यांत भेद आहे. तेथें विकत घेणारा आला म्हणून घर बंद झालें. येथें राहणारे गेले म्हणून. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या मनुष्यास हा भेद काय कामाचा?

पुतणी परत गेल्यावर एके संध्याकाळीं सौ. नें विचारिलें, “अहो, त्या मास्तरांना तुम्ही शेवटी काय कळवलंत?” आम्हीं चष्मा पुसण्याचें निमित्त केलें. ती म्हणाली, “मुलीला बेटावर घर मिळालं नाही म्हणून तुम्ही चार महिने पुस्तकं चाळता आहात. आपल्या घराची किल्ली तर इथेच, फडताळात आहे.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं चौकशी केली. 1999 सालच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वयें, ज्यास लीव्ह अँड लायसन्स म्हणतात तो करार लेखी व नोंदणी केलेला असावा लागतो. तो ठराविक मुदतीचा असतो, आणि रीतसर नोंदविला असतां ज्या भयानें आम्हीं तीन वर्षें मौन धरिलें त्यास फारशी जागा राहत नाहीं. मग पांचही बंधूंस पत्रें लिहिलीं. गणपतीचे पांच दिवस माजघर व ओटी आपलीं, एरव्हीं मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि विहीर शिक्षकांच्या कुटुंबाकडे, अशी वांटणी सुचविली. त्या शिक्षकांसही फोन केला आणि तीन वर्षांच्या विलंबाबद्दल क्षमा मागितली. ते क्षणभर कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, “सर, शाळेत तेव्हा अकरा मुलं होती. आता सात आहेत. माझी मुलगी धरली तर आठ होतील.”

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या फडताळांत अशी एखादी किल्ली असेल. ती कोणास द्यावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण ती कोणी मागितली होती काय, आणि आपण काय उत्तर दिलें होतें, एवढें एकदां आठवून पाहावें, ही विनंति.

चौघां बंधूंचीं संमतिपत्रें आलीं आहेत. पांचवा परदेशीं असतो. त्याच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहों. जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं तें येईल अशी आशा आहे. आलें कीं, किल्ली घेऊन आम्ही उभयतां स्वतःच जाणार आहों.